अंगणातला साप: मारण्याचा, पुजण्याचा आणि ओळखण्याचा इतिहास



जून उजाडला की बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज आणि कर्जाचे अर्ज यांच्या जोडीला आणखी एक विषय हमखास निघतो. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या मोरीत, कुणाच्या पऱ्हाटीच्या ढिगात साप निघालेला असतो. "साप उना!" एवढी एक हाक पुरते. गल्ली गोळा होते, काठ्या येतात आणि पाच मिनिटांत साप मेलेला असतो. तो कोणता होता, हा प्रश्न निघतो तो मेल्यावर. मग कुणीतरी जाणती बाई पुढे होऊन बघते आणि म्हणते, "धामण होती माय, उगाच मारली."

आज आम्ही तुम्हाला सापांच्या भीतीच्या गोष्टी सांगणार नाही. त्या सगळ्यांनाच ठाऊक आहेत. आज सांगायचा आहे तो इतिहास. आपल्या आज्या-पणज्यांना कोणता साप विषारी आणि कोणता बिनविषारी हे कळत होतं, तर आपल्याला ते का कळेनासं झालं? गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत सापांवर कुणी बक्षिसं लावली, कुणी त्यांची कातडी विकली, कुणी त्यांची मिरवणूक काढली आणि कुणी त्यांना वाचवलं? हे समजलं तर उद्या आपल्या दारात साप आला की काय करायचं, ते आपलं आपल्याला ठरवता येईल.

कणगी, उंदीर आणि धामण

आपला खानदेश म्हणजे तापी, गिरणा, पांझरा, अनेर या नद्यांचा काळ्या मातीचा प्रदेश. उत्तरेला सातपुडा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव आणि धुळे ते हेच. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या, पण घरं बरीच वर्षं तशीच राहिली. मातीच्या जाड भिंती, वर धाबं, बाजूला गोठा, मागे परसदार, कोपऱ्यात गोवऱ्यांची रास आणि सरपण. घरात ज्वारी-बाजरीच्या कणग्या, काही गावांत जमिनीतलं पेव.

जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे साप. साप आपल्या घरी येतो तो आपल्यासाठी नाही, उंदरासाठी. धामण सहा-सात फूट लांब होते आणि तिचं मुख्य खाणं उंदीर. जिथे उंदराला शिरता येतं त्या बिळात मांजर शिरू शकत नाही, धामण शिरते. शेताच्या बांधावर, खळ्यात आणि घराच्या पायात ती जे काम करते, त्याची मजुरी आपण कधीच दिलेली नाही.

जुन्या बायकांनी सापांना दिलेली नावं बघा. विहिरीत, पाटात पोहणारा तो दिवड, काही ठिकाणी विरोळा. भिंतीवर पालीच्या मागे चढणारा, अंगावर कवड्यांसारखे पट्टे असणारा तो कवड्या. गवतात सळसळणारी पट्ट्यांची नानेटी. कुंडीखाली, मोरीत गांडुळासारखा वळवळणारा तो वाळा. दोन्ही टोकांना सारखाच जाड दिसणारा तो मांडूळ. शिवाय तस्कर आहे, कुकरी आहे, डुरक्या घोणस आहे. हे सगळे बिनविषारी. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेकांपासून माणसाच्या जिवाला धोका नाही. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांच्या दंशाने: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं.

नाव ठेवायचं तर आधी नीट बघावं लागतं. ज्या बाईने 'कवड्या' आणि 'मण्यार' ही दोन वेगळी नावं वापरली, तिने ते दोन साप वेगळे ओळखले होते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते शेण गोळा करताना, निंदणी करताना, पाणी भरताना जमा झालं होतं.

सरकारी बक्षिसांचा काळ

इंग्रज इथे आले तेव्हा त्यांना आपले साप माहीत नव्हते. पॅट्रिक रसेल नावाचा डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोरोमंडल किनाऱ्यावर होता. कोणता साप विषारी आणि कोणता नाही हे वेगळं करून सांगावं म्हणून त्याने साप गोळा केले, त्यांची चित्रं काढून घेतली आणि १७९६ साली त्यावर मोठा ग्रंथ छापला. त्या ग्रंथात सापांची गावठी नावंही आहेत. म्हणजे सुरुवात गावच्या माणसांच्या माहितीपासूनच झाली.

पुढे १८७२ साली जोसेफ फेरर या डॉक्टरने भारतातल्या विषारी सापांवर पुस्तक काढलं. त्याने वेगवेगळ्या प्रांतांतून सर्पदंशाच्या मृत्यूंचे आकडे मागवले होते. १८६९ या एका वर्षात, देशाच्या साधारण निम्म्या भागातून, ११,४१६ मृत्यूंची नोंद त्याच्याकडे आली. आकडा मोठा होता आणि सरकार हादरलं. उपाय कोणता निघाला? साप मारून आणा आणि पैसे घेऊन जा.

ही बक्षिसं त्याच्या आधीपासूनही चालू होती. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे फुरशांचा सुळसुळाट होता. सरकारने प्रत्येक फुरशामागे पैसे लावले. त्या योजनेच्या सहा वर्षांत दरवर्षी सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारली गेली. १८६२ च्या डिसेंबरात बक्षीस वाढवलं, तर आठवडाभरात एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणली गेली. एवढ्या फुरशांचं काय झालं? कोकणात आजही फुरसं आहे, आजही ते चावतं आणि आजही तिथल्या दवाखान्यात त्याच्यावर उपचार होतात. पैसे संपले, साप संपले नाहीत.

आपल्या खानदेशात त्या काळी वाघांच्या शिकारी गाजल्या. भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम धरणगावला राहून वाघ मारत असे. शिकारींनी आणि बक्षिसांनी खानदेशातला वाघ जवळजवळ संपला. सापाचं तसं झालं नाही. साप लपतो, पिल्लं किंवा अंडी पुष्कळ घालतो आणि जोपर्यंत उंदीर आहे तोपर्यंत त्याला खायला मिळतं. म्हणून मारून साप कमी करता येत नाहीत. हा धडा सरकारने पैसे घालवून शिकला आहे, आपल्याला तो फुकट मिळतो आहे.

बक्षिसाचा आणखी एक परिणाम झाला. ज्याला पैसे मिळवायचे त्याला धामण आणि नाग वेगळे ओळखण्याची गरज नव्हती. सोपा सापडतो तो मारायचा. बिनविषारी साप दिवसा फिरतात, मोठे असतात, चटकन दिसतात, म्हणून तेच जास्त मरतात. आजही आपल्या गल्लीत काठीखाली जास्त कोण मरतं? धामण, दिवड आणि कवड्या. मण्यार रात्री येते, ती कुणाला दिसतच नाही.

प्लेगने शिकवलेलं

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो खानदेशासह सगळ्या मुलखात पसरला. गावं ओस पडली, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. घरात उंदीर मरून पडले की गाव सोडायचं, हे शहाणपण आपल्या लोकांना अनुभवाने आलं. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांच्या पिसवांमधून माणसाकडे येतो. तेव्हा कुठे शास्त्राला उंदराचं महत्त्व कळलं.

प्लेगवर लस तयार करण्यासाठी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्रयोगशाळा काढली. तीच आज परळची हाफकिन संस्था. पुढे याच संस्थेत सर्पदंशावरचं प्रतिविषही तयार होऊ लागलं. घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात विषाशी लढणारं द्रव्य तयार होतं, ते काढून शुद्ध करायचं आणि रुग्णाला द्यायचं, अशी ही पद्धत. आज आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. म्हणून डॉक्टरला मेलेला साप नेऊन दाखवण्याची गरज नाही. हाफकिन संस्थेतलेच डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतातल्या सापांवर साध्या भाषेतलं पुस्तक लिहिलं, तेव्हा सापांची माहिती सामान्य वाचकापर्यंत पोहोचायला मदत झाली.

१९९४ साली सुरतेत पुन्हा प्लेगची धास्ती पसरली. आपल्याकडची किती तरी घरं तिथे कापडाच्या धंद्यात आहेत. लोक मिळेल त्या गाडीने गावी परत आले. तोंडाला रुमाल बांधून फिरण्याचे ते दिवस पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना अजून आठवतात. उंदीर वाढले की त्याची किंमत धान्यात तर जातेच, पण कधी कधी ती आजारातही जाते. उंदीर खाणारा प्राणी मारताना हा हिशोब विसरता कामा नये.

भगताला यश का येतं?

हा प्रश्न आम्ही प्रत्येक गटात विचारतो. कारण सगळ्यात जास्त जीव इथे जातात.

साप चावला की माणसाला आधी मंत्र टाकणाऱ्याकडे नेण्याची रीत जुनी आहे. "आमच्या भगताने पन्नास जण बरे केले," असं लोक शपथेवर सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पन्नास जण खरंच बरे झालेले असतात. पण का? एक तर चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. दिवड चावला, रक्त आलं, माणूस घाबरून बेशुद्ध पडला, भगताने कडुलिंबाचा डहाळा फिरवला, माणूस उठून बसला. तो मंत्राशिवायही उठला असता. दुसरं म्हणजे विषारी सापसुद्धा प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. त्या वेळीही श्रेय भगतालाच.

पण एकावन्नाव्या बाईला मण्यार चावली असेल तर? मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेली बाई पहाटे पोट दुखतं म्हणून उठते, मळमळ होते, पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही. घरचे म्हणतात, जेवण बाधलं. मग मंत्र, मग अंगारा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत श्वास अडकलेला असतो. बिनविषारी सापांनी भगताला नाव दिलं आणि त्या नावावर विश्वास ठेवून विषारी सापाने चावलेली माणसं गेली. बिनविषारी साप ओळखायला शिकायचं ते एवढ्यासाठीसुद्धा.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने बारा लाखांच्या आसपास माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि बहुतेक सगळे खेड्यातले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०२४ साली आपल्या केंद्र सरकारने राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखडा दिल्लीत झाला, पण तो पाळायचा आहे आपल्या ओसरीवर.

नागपंचमी: मातीचा नाग आणि जिवंत नाग

श्रावणात नागपंचमीला आपण भिंतीवर, पाटावर नाग काढतो. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. मग येते कानबाई, रोटांची घाई सुरू होते. नागपंचमीच्या रीतींचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही. पावसाने बिळं भरलेली असतात, साप बाहेर पडलेले असतात. त्या दिवसांत जमिनीला आणि जमिनीतल्या जिवाला धक्का लावू नका, हे सांगण्याची ही जुनी पद्धत.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला मात्र जिवंत नाग पकडून मिरवण्याची प्रथा पडली. तिथली आख्यायिका अशी सांगतात की गोरखनाथ भिक्षेला आले तेव्हा घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा आणायला उशीर झाला. जिवंत नागाची पूजा करशील का, असं नाथांनी विचारलं, आणि तिथून जिवंत नाग पुजण्याची रीत सुरू झाली. पुढे तिचं रूप बदललं. गावोगावच्या मंडळांनी नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, वाजतगाजत मिरवायचे, कुणाचा नाग मोठा याच्या स्पर्धा लावायच्या. प्राणिमित्र न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले आणि ते मिरवणं, त्या स्पर्धा थांबल्या. गावकऱ्यांना वाईट वाटलं, त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न होता, हेही खरं. पण आख्यायिका नीट ऐकली तर त्यात बाईची मूळची पूजा मातीच्याच नागाची आहे. आपली पूजा आजही तीच आहे. त्यात सापाला त्रास नाही आणि आपल्यालाही धोका नाही.

दुधाचंही तसंच. साप दूध पचवू शकत नाही. गारुडी सापाला कित्येक दिवस उपाशी-तहानलेला ठेवत, म्हणून तो समोर आलं ते प्यायचा आणि नंतर मरायचा. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, हेही खरं नाही. तिचं तोंड आणि दात दूध ओढायला बनलेलेच नाहीत. गोठ्यात ती येते उंदरांसाठी. नागीण डूख धरते, हे सिनेमात ठीक आहे. सापाला माणसाचा चेहरा लक्षात ठेवता येत नाही.

कातडीचा बाजार आणि एक सोसायटी

स्वातंत्र्यानंतरही सापांवर एक मोठं संकट होतं, ते कातड्यांच्या धंद्याचं. धामण, दिवड, अजगर, नाग यांची कातडी पर्स, पट्टे आणि बुटांसाठी परदेशात जात. दरवर्षी लाखो साप सोलले जात. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७६ साली सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली.

पण ज्यांचं पोट साप पकडण्यावर होतं त्यांचं काय? तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींपुढे हाच प्रश्न उभा राहिला. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीने त्यांनी चेन्नईजवळ साप पकडणाऱ्यांची सहकारी सोसायटी काढली. साप पकडायचा, थोडे दिवस ठेवायचा, त्याचं विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडायचा. ते विष लस बनवणाऱ्या कंपन्यांना विकायचं. आपल्या दवाखान्यात जी लस येते तिच्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा या सोसायटीकडून येतो. सदस्यांमध्ये बायकाही आहेत. २०२३ साली मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोन इरुला सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. मैत्रिणींनो, ही सोसायटी आपल्या गटासारखीच: ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांनी आपल्या हातातलं ज्ञान एकत्र केलं.

महाराष्ट्रात 'सर्पमित्र' हा शब्द घरोघर पोहोचला त्यात पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचा वाटा मोठा. १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर एका खोलीत ७२ तास राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत साप न मारता पकडून सोडणारी तरुण मुलं तयार झाली. आज आपल्याकडेही ती आहेत. पण एक सांगून ठेवतो. जो सर्पमित्र गळ्यात साप घालून फोटो काढतो, तो बोलवायचा नाही. चांगला सर्पमित्र हुक आणि पिशवी घेऊन येतो, गर्दी मागे सारतो आणि काम झालं की निघतो.

कायद्यानुसार साप मारणं, पकडणं, पाळणं आणि विकणं गुन्हा आहे, बिनविषारी असला तरीही. मांडुळाच्या नावाने गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या थापा मारणारे लोक गावात येतात. मांडूळ हा उंदीर खाणारा गरीब साप. त्याला दोन तोंडं नसतात, शेपटी बोथट असते एवढंच. अशा व्यवहारात पडलेली माणसं तुरुंगात जातात आणि घरची बाई कोर्टाच्या खेपा घालते.

ओळख: चार जोड्या

लांबूनच बघायचं, जवळ जाऊन पट्टे मोजायचे नाहीत.

धामण आणि नाग: नागाला फणा आहे, पण तो नेहमी काढतोच असं नाही. धामणीला फणा नाही, डोळे मोठे, अंग लांब आणि ती लगेच पळते. दिवड मात्र चिडला की मान चपटी करतो आणि नागासारखा भासतो.

कवड्या आणि मण्यार: कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होतात. मण्यार चकचकीत काळी, तिचे पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होतात.

डुरक्या घोणस आणि घोणस: घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी, डोकं त्रिकोणी, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. डुरक्याच्या अंगावर वेडेवाकडे डाग आणि शेपटी आखूड, खरबरीत.

मांजऱ्या आणि फुरसं: मांजऱ्या सडपातळ, बारीक शेपटीचा, झाडाझुडपांत राहणारा. त्याच्या सौम्य विषाने माणसाला धोका होत नाही. फुरसं हात-दीड हाताचं, जमिनीवर वेटोळं घालून अंग अंगावर घासत करवतीसारखा आवाज काढतं.

शंका आली तर तो विषारीच समजायचा. ओळखता येणं म्हणजे हात लावण्याचा परवाना नव्हे.

आता काय करायचं?

अंगणात साप दिसला तर पोरं आणि जनावरं बाजूला घ्या. एका मोठ्या माणसाने दहा-बारा फुटांवरून लक्ष ठेवा, वाट मोकळी सोडा. बहुतेक साप आपणहून निघून जातात. घरात शिरला तर त्या खोलीचं दार लावा, दाराखाली गोधडी कोंबा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. रॉकेल ओतणं, धूर करणं, फिनाईल शिंपडणं याने साप बिथरून भलतीकडे शिरतो. रोपवाटिकेला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत धामण अडकते, म्हणून जाळी जमिनीपासून थोडी वर बांधा.

पऱ्हाटी, सरपण आणि गोवऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. थोड्या अंतरावर, दगडांवर किंवा फळीवर रचा. काढताना आधी काठीने हलवा. मोरीच्या तोंडाला जाळी लावा. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. उंदीर कमी झाले की साप आपोआप कमी. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. शक्य असेल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा, मण्यारीपासून बचावाचा हा सगळ्यात स्वस्त उपाय.

साप चावलाच तर, कोणताही असो, बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथे रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात. रक्त गोठलं नाही तर विष अंगात गेलं असं समजायचं. गोठलं तरी लगेच घरी परतायचं नाही, कारण नाग आणि मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं, पण श्वास थांबू शकतो. म्हणून डॉक्टर थांबा म्हणतील तेवढं थांबा. सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: आपल्या गावाला जवळचा, लस असलेला दवाखाना कोणता, रात्री कुणाची गाडी मिळेल आणि भागातल्या विश्वासाच्या सर्पमित्राचा नंबर काय. कर्जाच्या नोंदी ठेवतो त्याच वहीत, पहिल्या पानावर. आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर काकूंना विचारा, त्यांना किती सापांची नावं येतात. ती नावं अहिराणीत असतील तर अहिराणीतच लिहा. सरकारने बक्षिसं लावली तेव्हा जे ज्ञान काठीखाली गेलं, ते पुन्हा गोळा करायला एवढी वही पुरेल.

रामराम.